आयुक्तालय नांदेडला आलं तर परभणीकरांचा हेलपाटा खरंच वाचेल का?

परभणी : मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना महसूल आयुक्तालय एकच, तेही छत्रपती संभाजीनगरला. जानेवारी 2009 मध्ये, अशोक चव्हाण मुख्यमंत्री असताना, राज्य मंत्रिमंडळाने नांदेडला वेगळं आयुक्तालय करायचं ठरवलं. त्यात परभणी जिल्हाही जाणार होता. लातूरकरांनी विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं. आजही आपली फाईल संभाजीनगरलाच जाते. नांदेडचा विषय मात्र अधूनमधून निघतोच.

आयुक्तांकडे आपलं काय काम?

रोजचं काही नाही. सातबारा, दाखले, अनुदान गावात किंवा तहसीललाच. पण फेरफाराचा वाद पेटला की तो प्रांत, अपर जिल्हाधिकारी अशा पायऱ्या चढत आयुक्तांपर्यंत जाऊ शकतो. सरपंचाला पदावरून काढायचा अधिकार आयुक्तांचा. ग्रामपंचायत सदस्याला कलेक्टरने अपात्र ठरवलं तर अपील तिथंच. म्हणजे जायची वेळ कमी जणांवर येते, पण ज्याच्यावर येते त्याची जमीन नाहीतर पद पणाला लागलेलं असतं.

कोणाला फायदा?

परभणीहून रेल्वेने संभाजीनगर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, नांदेड साठच्या आसपास. पूर्णा, पालम, गंगाखेडवाल्यांना नांदेड म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. सेलू, जिंतूरकडच्या माणसाला फरक तेवढा मोठा नाही.

मग अडचण कुठंय?

हायकोर्टाचं खंडपीठ संभाजीनगरला आहे. आयुक्तांकडे हरलेल्या माणसाला पुढं हायकोर्टात जायचं झालं तर तिथंच जावं लागतं. आज एकाच शहरात, बऱ्याचदा एकाच वकिलाकडं काम भागतं. कार्यालय नांदेडला आलं तर सुनावणी एका गावाला आणि कोर्ट दुसऱ्या गावाला. चालू प्रकरणांच्या फायली हलवताना तारखा लांबतील, ते वेगळंच.

असा अनुभव आपल्या भागाला आहे. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला. वसमत, कळमनुरीवाल्यांना कलेक्टर ऑफिस हिंगोलीत मिळालं, पण जिल्हा मध्यवर्ती बँक दोन्ही जिल्ह्यांची एकच राहिली, मुख्यालय परभणीत. पाटी बदलली म्हणून सगळी कामं एका जागी आली नाहीत.

आपल्या हातात काय?

महसूल विभागाच्या हद्दी बदलायच्या तर जमीन महसूल संहितेप्रमाणे आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. हा विषय पुन्हा निघाला तर गावाने, ग्रामपंचायतीने लेखी म्हणणं द्यावं. नुसतं 'हवं' किंवा 'नको' लिहून भागणार नाही. चालू प्रकरणं कुठं चालणार, परभणीत आयुक्तांचा सुनावणीचा कॅम्प लागेल का, हे त्यात विचारा. कार्यालय कुठंही असो, महिन्यातून ठरलेल्या दिवशी परभणीतच सुनावणी झाली तर नऊही तालुक्यांचा हेलपाटा वाचेल.