तुळईची खरी लांबी कोणती?

"ही तुळई किती लांब आहे?" हा प्रश्न दिसावयास अगदीं सोपा आहे. टेप घ्यावा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धरावा आणि आंकडा वाचावा; यांत विचार तो कसला, असें कोणासही वाटेल. परंतु जी तुळई अद्याप कारखान्यांत तयारच व्हावयाची आहे, जी केवळ संगणकाच्या पडद्यावर रेखाटलेली आहे, तिची लांबी सांगावयाची झाल्यास हाच प्रश्न भल्याभल्यांस चकवितो. शिवाय येथील चूक महाग पडते. कारण पोलादाचा तुकडा एकदां आंखूड कापला गेला, म्हणजे तो पुन्हां लांब होत नाहीं.

हल्लीं पुष्कळ इमारतींचे आराखडे 'रेव्हिट'सारख्या संगणक-प्रणालींत तयार होतात. कागदावरील नकाशांत तुळई म्हणजे नुसत्या दोन रेघा. या प्रणालींत मात्र ती लांबी, रुंदी व उंची असलेली एक संपूर्ण वस्तु असते. असें असूनही रेव्हिटमध्यें एकाच तुळईच्या दोन लांब्या नोंदलेल्या आढळतात: एक 'लेंग्थ' व दुसरी 'कट लेंग्थ'. पहिलीस आपण आंसाची लांबी म्हणूं व दुसरीस कापाची लांबी म्हणूं.

हा भेद एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, दोन पोलादी खांबांच्या मध्यांतील अंतर 6000 मिलिमीटर आहे. आराखडा काढणारा एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढतो. म्हणून आंसाची लांबी 6000 भरते. पण खरी तुळई कांहीं खांबाच्या पोटांत शिरत नाहीं. खांब त्या दिशेनें 300 मिलिमीटर जाड असेल, तर दोन्हीं बाजूंचे 150 वजा जाऊन 5700 उरतात. तुळई जागेवर सहज बसावी म्हणून प्रत्येक टोकास 12 मिलिमीटर फट ठेविली, तर कापावयाचा तुकडा 5676 मिलिमीटरांचा होतो. म्हणजे एका तुळईमागें 324 मिलिमीटरांचा फरक! अशा 50 तुळयांत तो 16.2 मीटर होतो. आणि मीटरमागें वजन 45 किलो धरिल्यास 729 किलो पोलादाचा हिशेब चुकतो.

मग आंसाची लांबी निरुपयोगी आहे काय? मुळींच नाहीं. तुळईवर भार किती येईल याचें गणित करणारा अभियंता बहुधा तीच विचारतो. कारखान्यांतील कारागिरास मात्र दुसरी पाहिजे. दोन्ही आंकडे खरेच. प्रश्न निरनिराळे आहेत, इतकेंच.

दुसरा चकवा उताराचा. छपराची तिरपी तुळई वरून पाहिली असतां 4 मीटर दिसते. परंतु तेवढ्या अंतरांत ती 3 मीटर वर चढत असेल, तर तिची खरी लांबी 5 मीटर होय. काटकोन त्रिकोणाचा जो सिद्धान्त तुम्ही वर्गांत पाठ करितां, तोच येथें कामीं येतो. म्हणून तिरपी तुळई वरून पाहून मोजूं नये. तिची पूर्ण बाजू समोर दिसेल अशा छेदांत मोजावी, आणि मोजतांना अंदाजानें जवळपासची जागा न धरितां नेमका कडेचा बिंदूच धरावा.

तिसरा चकवा पडद्यावरील आंकड्याचा. प्रणालीस मीटरचे दोनच दशांश दाखविण्यास सांगितलें असेल, तर 5.676 च्या जागीं 5.68 दिसतें. चार मिलिमीटर म्हणजे काय मोठेसें, असें वाटेल. पण 20 मिलिमीटर जाडीच्या बोल्टासाठीं भोंक सामान्यतः 22 मिलिमीटरांचें पाडितात. तेथें सवड अवघी दोन मिलिमीटरांची! अशा वेळीं तुळई वर चढविल्यानंतर भोंकें जुळत नाहींत आणि खालीं उभ्या असलेल्या मंडळींस ताटकळत बसावें लागतें.

मोजमापाचा आरंभ कोठून, हें विसरल्यास मोठमोठ्यांचीही फसगत होते. ऱ्हाईन नदीवर लाउफेनबुर्ग येथें जर्मनी व स्वित्झर्लंड यांस जोडणारा पूल बांधतांना 2003 सालीं असेंच घडलें. जर्मनी उंची मोजतांना उत्तर समुद्राची पातळी आधारास घेतें, तर स्वित्झर्लंड भूमध्य समुद्राची. या दोहोंतील 27 सेंटिमीटरांचा फरक सर्वांस ठाऊक होता. पण तो मिळवावयाच्या ठिकाणीं वजा झाला, आणि दोन्हीं तीरांच्या पातळ्यांत 54 सेंटिमीटरांचें अंतर पडलें. फरक ठाऊक असणें पुरेसें नव्हतें. तो कोणत्या बाजूस धरावयाचा, हेंही पाहावयास हवें होतें.

संगणक गणितांत सहसा चुकत नाहीं. पण आपण काय विचारलें पाहिजे, हें तो आपणांस सांगत नाहीं. म्हणून आंकडा वहींत उतरविण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःस विचारावे: हें माप कोठून कोठपर्यंत आहे? तें कोणत्या दिशेनें घेतलें आहे? आणि तें कोणाच्या कामासाठीं आहे? ज्यास ही संवय शाळेंतच पट्टी हातीं असतांना लागली, त्यास पुढें पोलादाची तुळईही फसवूं शकणार नाहीं.