फोन काढून घेतला की छळ थांबतो?

मार्च 2025 मध्ये बीडच्या पोलिसांना नव्या नावपाट्या मिळाल्या. त्यावर नुसतं नाव, आडनाव नाही. आडनाव वाचलं की जात कळते आणि माणूस आपला की परका ते ठरतं, म्हणून पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी ही युक्ती काढली. मोबाइलवर मात्र आडनाव ठळकच. 2024 च्या लोकसभेला बीडचा निकाल 6,553 मतांच्या फरकाने लागला, पाठोपाठ आक्षेपार्ह पोस्टवरून गावं बंद राहिली. मोठ्यांची ही भांडणं पोरांच्या स्टेटसवर उतरायला कितीसा वेळ लागतो?

तरी घरात समजूत एकच: मुलांना ऑनलाइन त्रास देणारा कुणीतरी लांबचा, फेक अकाउंटवाला. नॉर्वेचे संशोधक डान ओल्व्हेउस यांना वेगळंच आढळलं. ऑनलाइन छळ सोसणाऱ्या बहुतेक मुलांचा शाळेतही छळ होत असतो. म्हणजे हात बऱ्याचदा मागच्याच बाकावरचा. एसटीत झोप लागलेल्या मुलीचा चोरून काढलेला फोटो, त्याचं रात्रीतून झालेलं व्हॉट्सॲप स्टिकर, वर्गाच्या ग्रुपवर हसणाऱ्या इमोजींची रांग. सकाळी ती दारातून आत येते तेव्हा सगळ्यांनी ते पाहिलेलं असतं.

"चेष्टाच तर केली!" युनिसेफच्या 2019 च्या पाहणीत 30 देशांतल्या दर तीन तरुणांपैकी एकाने ऑनलाइन छळ सोसल्याचं सांगितलं, पाचातल्या एकाने त्यापायी शाळा बुडवली होती. बीडमध्ये शाळा बुडणं फार महाग पडतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथल्या 20 ते 24 वयाच्या जवळपास 44 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं. अशा जिल्ह्यात मुलीचा फोटो फिरला की घरात चर्चा फोटो फिरवणाऱ्याची होत नाही, स्थळांची होते.

मग सगळ्यांचा आवडता उपाय: फोन काढून घ्या. पण जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, पोरं आजीजवळ राहतात. तिथे फोन काढला तर आईचा आवाजही गेला. शिवाय पोरगं एक धडा पक्का शिकतं: पुढच्या वेळी सांगायचं नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं आक्षेपार्ह संदेशांबद्दलचं कलम 66अ सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये रद्द केलं, तेव्हापासून 'आता कायदाच नाही' असंही कानावर येतं. चूक. अश्लील मजकूर पसरवण्याला त्याच कायद्याचं कलम 67 आहे, बाईमाणसाच्या ऑनलाइन पाठलागाला भारतीय न्याय संहितेचं 78, अल्पवयीन मुलांच्या लैंगिक छळाला पॉक्सो कायदा. हद्दीचं कारण सांगून ठाण्यातून परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर कुठेही नोंदवता येतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविरुद्धच्या लैंगिक मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते.

ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट काढा, तारीख आणि अकाउंटची लिंक जपा. मुलांची हेल्पलाइन 1098, मोफत, रात्रीही.