वरची दाढ, सायनस आणि थ्रीडी स्कॅन

साध्या सर्दीत दोन्ही नाकपुड्या चोंदतात आणि आठ-दहा दिवसांत आराम पडतो. पण एकच नाकपुडी महिनोन्महिने वाहत असेल, त्या पाण्याला घाण वास येत असेल, त्या बाजूचा गाल जड वाटत असेल, तर त्याच बाजूच्या वरच्या दाढा दाताच्या डॉक्टरांना दाखवाव्यात. आपल्याकडे अशा वेळी वाफ घेतली जाते, मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या जातात, चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. दुखण्याचे मूळ किडलेल्या दाढेत असेल, तर दाढेवर उपचार झाल्याशिवाय ते थांबत नाही.

दाढेचा शेजारी

डोळ्यांच्या खाली, गालाच्या आत दोन्ही बाजूंना हाडात एकेक पोकळी असते. तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. मोठ्या माणसात तिच्यात साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे तीन छोटे चमचे पाणी मावेल. आतून तिला पातळ, ओलसर अस्तर असते. तिचे नाकात उघडणारे तोंड वरच्या भागात असते, म्हणून आत साचलेला पू सहज बाहेर पडत नाही.

या पोकळीचा तळ वरच्या दाढांच्या मुळांवर टेकलेला असतो. कोणाच्या मुळांवर हाडाचा जाड थर असतो, तर कोणाच्या मुळांवर कागदाएवढाच. त्यामुळे दाढेच्या मुळाशी झालेला पू सायनसमध्ये शिरू शकतो. उलटही घडते. सायनस सुजला की चांगल्या दाढाही ठणकतात. एका बाजूच्या सगळ्या वरच्या दाढा एकदम दुखत असतील आणि खाली वाकल्यावर दुखणे वाढत असेल, तर घाईने दाढ काढून घेऊ नये. आधी तपासणी करावी.

साधा एक्स-रे कुठे कमी पडतो?

साध्या एक्स-रेत किंवा पूर्ण जबड्याच्या ओपीजीत चित्र सपाट येते. पुढचे आणि मागचे एकावर एक दिसते. दाढेचे मूळ सायनसच्या आत गेल्यासारखे भासते, प्रत्यक्षात ते बाजूने गेलेले असू शकते. ओपीजीत चित्र मूळ आकारापेक्षा मोठे येते, म्हणून त्यावरचे मोजमापही फसते.

यासाठी सीबीसीटी नावाचा थ्रीडी स्कॅन आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इटली आणि जपानमधील संशोधकांनी तो दातांसाठी पुढे आणला. आपण स्थिर उभे राहायचे किंवा बसायचे; यंत्र डोक्याभोवती फिरते. बहुतेक यंत्रांना १० ते ४० सेकंद लागतात. सुई नाही, दुखत नाही. पाव कापून आतला भाग बघावा, तसे संगणकावर जबड्याचे हवे तिथून काप पाहता येतात आणि मिलिमीटरमध्ये मोजता येतात.

डॉक्टर काय मोजतात?

हाडाची उंची : दाढ काढल्यावर तिथले हाड झिजते आणि सायनस खाली उतरतो. इम्प्लांटचा स्क्रू बहुधा ८ ते १० मिलिमीटरचा असतो. हाड ४ मिलिमीटरच उरले असेल, तर स्क्रू सायनसमध्ये घुसण्याचा धोका असतो. मग आधी किंवा सोबतच हाड वाढवण्याची शस्त्रक्रिया करावी लागते आणि खर्च वाढतो. हे काम सुरू होण्याआधी कळले पाहिजे.

अस्तराची जाडी : निरोगी अस्तर साधारण १ मिलिमीटरचे असते. ते २ मिलिमीटरपेक्षा जाड दिसले, आणि तेही किडलेल्या दाढेच्या बरोबर वर, तर संशय दाढेवर जातो.

आतले पडदे : काहींच्या सायनसमध्ये हाडाचे आडपडदे असतात. १९१० मध्ये अंडरवुड यांनी त्यांचे वर्णन केले. ते आधी माहीत नसतील, तर शस्त्रक्रियेत अस्तर फाटण्याची भीती वाढते.

स्कॅन कधी करावा?

प्रत्येक किडीला किंवा साध्या दाढ काढण्याला हा स्कॅन लागत नाही. त्यात किरणांचा डोस ओपीजीपेक्षा सहसा जास्त असतो. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावे : साध्या एक्स-रेत काय कळले नाही? स्कॅनमुळे उपचार बदलणार आहे का? फक्त त्याच भागाचा छोटा स्कॅन चालेल का? बाई गरोदर असेल तर आधीच सांगावे. स्कॅनची सीडी आणि रिपोर्ट घरी जपून ठेवावा, म्हणजे दुसरीकडे पुन्हा पैसे भरावे लागत नाहीत.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. खाजगीत मोठा खर्च करण्याआधी तिथे दाखवून घ्यावे.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

वरची दाढ काढल्यावर चूळ भरताना पाणी नाकातून आले, तर दाढ आणि सायनसमध्ये भोक पडलेले असू शकते. नाक जोरात शिंकरू नये, जखमेत काडी घालू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत जावे. असे भोक लवकर बंद करणे सोपे असते. जुने झाले की मोठी शस्त्रक्रिया लागते.

गाल बधिर होणे, कारण नसताना वरच्या दाढा हलणे, एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येणे किंवा गालावर न उतरणारी सूज, या खुणा कॅन्सरच्याही असू शकतात. तिथे सीबीसीटी पुरेसा नाही, कारण त्यात हाड स्पष्ट दिसते पण मांसाचा भाग नीट दिसत नाही. अशा वेळी थेट मोठ्या रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात जावे.