फिटचं औषध चहाच्या चमच्याने मोजू नका

लहान लेकराला गोळी गिळवत नाही, म्हणून फिटचं (आकडीचं) औषध बहुधा पातळ मिळतं. ‘एक चमचा सकाळी, एक रात्री’ असं आई पाठ करते. आमचं अडतं ते या चमच्यापाशीच. घरातल्या एका चमच्यात ३ मिली मावतं, दुसऱ्यात ७. शिवाय औषधांची ताकदही सारखी नसते. व्हॅलप्रोएट सिरपच्या ५ मिलीत साधारणपणे २०० मिलिग्रॅम औषध असतं, लेव्हेटिरॅसिटामच्या ५ मिलीत ५००. म्हणून डॉक्टरांना ‘किती मिली?’ असंच विचारा, कागदावर लिहून घ्या आणि मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणा. बाटली दुसऱ्या कंपनीची मिळाली, तर ताकद तीच आहे ना, हे दुकानातच बघा.

फेनिटॉइनची बाटली दरवेळी जोरात हलवायलाच हवी. औषध तळाशी बसतं. नुसतं वरचं पाजलं तर फिट थांबत नाहीत. बाटली संपत आली की दाट औषध पोटात जातं आणि लेकरू पेंगतं, झोकांड्या खातं. मग घरचे म्हणतात, औषध मानवलं नाही!

डोस वजनावर ठरतो. मूल वाढलं की तो डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्या. फिट येत नाही म्हणून औषध एकदम बंद केलं, तर ती जोरात उलटू शकते. साधारण दोन वर्षं एकही फिट आली नाही, की डॉक्टरच औषध हळूहळू कमी करण्याचा विचार करतात.

अर्धशिशी मुलांनाही होते. डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल दुखायला लागताच द्यावं. पण त्याच्याही ५ मिलीत कुठे १२५ मिलिग्रॅम, तर कुठे २५०. आठवड्यात दोन-तीन दिवसांहून जास्त द्यावं लागत असेल तर दवाखाना गाठा. ॲस्पिरिन मुलांना नको.

१९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञा आपण म्हणतो, तरी फिट आली की कुणीतरी भगताचं नाव काढतोच. कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. लेकराला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, तर थेट दवाखाना.

औषधाचा खर्च झेपत नसेल तर आधी सरकारी रुग्णालयात विचारा. अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्या तपासणीत आकडीचा आजारही आहे, लपवू नका. आणि मुलगी वयात येत असून व्हॅलप्रोएट चालू असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांशी तेवढं जरूर बोला. या औषधाने पुढे गर्भातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. मात्र तोवर औषध आपल्या मनाने थांबवायचं नाही.