घरातला कॅमेरा नेमका कोणावर नजर ठेवतो?

चोरीची भीती, शाळेतून एकटी घरी येणारी मुले, आजारी आईवडील. घरात कॅमेरा लावण्यामागची ही कारणे खरी आहेत. तरीही कॅमेरा विकत घेण्याआधी दोन प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते.

पहिला प्रश्न: चित्रीकरण आणखी कोण पाहू शकते? अनेक वाय-फाय कॅमेऱ्यांचे चित्रीकरण कंपनीच्या सर्व्हरवर साठते. अमेरिकेत २०२३ साली फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅमेझॉनच्या ‘रिंग’ कंपनीवर आरोप ठेवला, की तिच्या एका कर्मचाऱ्याने महिला ग्राहकांच्या खासगी जागेतील हजारो व्हिडिओ पाहिले. कंपनीने ५८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते.

दुसरा प्रश्न: घरातल्यांना विचारले का? पासवर्ड बहुधा कर्त्या पुरुषाकडे असतो. कॅमेऱ्यासमोर दिवसभर वावरते ती सून, मुलगी, आजी किंवा घरकामाला येणारी ताई. ताईंनी ‘नाही’ म्हटले तर काम जाण्याची भीती. अशा वेळी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. दोन भावांच्या वादात, सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने दिला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. संमतीशिवाय कोणाच्या खासगी अवयवांचे चित्रण करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र २०२३ चा डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या निव्वळ घरगुती वापराला लागू होत नाही. म्हणून घरातले नियम आपणच ठरवायला हवेत.

कॅमेरा शक्यतो दारावर लावा. झोपण्याच्या, कपडे बदलण्याच्या जागी कधीच नको. एका खोलीचे घर असेल तर घरात माणसे असताना तो बंद ठेवा. मूळ पासवर्ड लगेच बदला, दुहेरी पडताळणी सुरू करा, अ‍ॅप अद्ययावत ठेवा. कामाला येणाऱ्या ताईंना कॅमेरा कुठे आहे आणि कशासाठी आहे, हे आधी सांगा. चित्रीकरणाचा गैरवापर झाल्यास सायबर पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा.

घर सुरक्षित हवेच. पण ज्या घरात बाईला मोकळेपणाने बसता येत नाही, ते तिच्यासाठी सुरक्षित नाही.