अडथळ्यांची शर्यत आणि आपले अविनाश साबळे



26 जानेवारीला आपल्या शाळेत शर्यती होतात. लिंबू-चमचा, पोत्यात पाय घालून पळणे, तीन पायांची शर्यत. त्या सगळ्या तुम्हाला माहीत आहेत. पण पळता पळता 35 वेळा लाकडी अडथळ्यावरून जायचे आणि त्यातल्या 7 वेळा पुढे पाण्यात उतरायचे, अशी शर्यत तुम्ही पाहिली आहे का? या शर्यतीला स्टीपलचेस म्हणतात. मला हे नाव तीन दिवस नीट म्हणता येत नव्हते. माझी आजी अजून ‘इष्टिपल’च म्हणते.

या शर्यतीत भारताचा विक्रम आपल्या बीड जिल्ह्यातल्या माणसाने मोडला. एकदा नाही, दहा वेळा! त्यांचे नाव अविनाश साबळे. गुरुजी म्हणाले, “लेखात ‘साबळे’ असे लिही.” पण ते आपल्या जिल्ह्याचे आहेत, म्हणून मी अविनाशदादा असेच लिहिणार आहे.

आधी शर्यत समजून घेऊ. फार वर्षांपूर्वी इंग्लंड आणि आयर्लंडकडे लोक एका गावाच्या चर्चपासून दुसऱ्या गावाच्या चर्चपर्यंत घोड्यांची शर्यत लावत. चर्चचा उंच मनोरा म्हणजे स्टीपल. तो लांबून दिसतो, म्हणून त्याच्याकडे बघत घोडा हाकायचा. आपण नाही का, कारखान्याचे धुराडे दिसले की तेलगाव आले असे म्हणतो, तसेच ते. वाटेत दगडी बांध लागायचे, ओढे लागायचे, ते ओलांडून जायचे. पुढे माणसेच तशी पळायला लागली. आता मैदानावर बांध नसतात म्हणून लाकडाचे अडथळे ठेवतात आणि ओढ्याच्या ऐवजी पाण्याचा खड्डा करतात.

शर्यत 3000 मीटरची असते, म्हणजे 3 किलोमीटर. सुरुवातीच्या थोड्या अंतरात अडथळा नसतो. मग 7 पूर्ण फेऱ्या. प्रत्येक फेरीत 4 साधे अडथळे आणि 1 पाण्याचा. चार साते अठ्ठावीस आणि वर सात, झाले 35. पुरुषांचा अडथळा 91.4 सेंटिमीटर उंच असतो आणि बायकांचा 76.2 सेंटिमीटर. या भित्तिपत्रकाच्या उजव्या बाजूला गुरुजींनी भिंतीवर खडूने दोन रेघा मारल्या आहेत. त्याच त्या उंच्या. जवळ उभे राहून बघा. वरची रेघ माझ्या बेंबीच्याही वर येते. पहिलीच्या पोरांनी रेघ पुसू नये.

दुसऱ्या अडथळ्याच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा आडवा पडतो. यात पडत नाही. तो 80 ते 100 किलो वजनाचा असतो. पाय अडकला तर माणूसच पडतो. पाण्याचा खड्डा 3 मीटर 66 सेंटिमीटर लांब असतो, अडथळ्याजवळ खोल आणि पुढे पुढे उथळ होत गेलेला. म्हणून हुशार पळणारा अडथळ्यावर एक पाय टेकवतो, जोरात रेटा देतो आणि लांब उथळ जागी पडतो. जवळ पडला तर जास्त पाण्यात रुततो आणि वेळ जातो. मग ओल्या बुटाने पुढे पळायचे. बूट वाळायच्या आत पुन्हा पाणी येतेच.

आम्ही चौथीच्या मुलांनी हे करून बघितले. दोरीने मैदान मोजले, एक फेरी 120 मीटरची भरली. म्हणजे 3000 मीटरला 25 फेऱ्या. विटा रचून वर बांबू ठेवला. पाण्यासाठी हापशाजवळचे डबकेच घेतले. अकरा जण पळायला लागलो. पाचव्या फेरीत चार जण बसले. मी चौदाव्या फेरीपर्यंत पळाले, मग पोटात कळ आली. एकच मुलगा 25 फेऱ्या पुरा करू शकला, पण त्याने शेवटी शेवटी बांबूखालून जायला सुरुवात केली होती, ते आम्ही पाहिले आहे.

आता अविनाशदादांची माहिती सांगते.

त्यांचा जन्म 13 सप्टेंबर 1994 रोजी आष्टी तालुक्यातल्या मांडवा या गावी झाला. आष्टी तालुका आपल्याच जिल्ह्यात आहे, पण पार दुसऱ्या टोकाला, नगरच्या बाजूला. घरची परिस्थिती गरिबीची. आईवडील शेती करायचे आणि वीटभट्टीवरही कामाला जायचे. शाळा 6 किलोमीटर लांब आणि जायला गाडी नाही. म्हणून लहानपणी ते शाळेत चालत नाहीतर पळत जायचे. तेव्हा त्यांना कुणी पळायला शिकवले नव्हते. उशीर होऊ नये म्हणून पळायचे, बस्स.

बारावी झाल्यावर ते सैन्यात भरती झाले, महार रेजिमेंटच्या 5 व्या बटालियनमध्ये. 2013-14 साली त्यांची नेमणूक सियाचीनला होती. सियाचीन म्हणजे काश्मीरच्याही वर, जिथे चहूकडे बर्फच असतो. आपण बर्फ म्हणजे गारीगारवाल्याच्या डब्यातला बघितलेला. तिथे तो डोंगराएवढा. त्यानंतर राजस्थानच्या वाळवंटात आणि 2015 साली सिक्कीममध्ये. एवढी थंडी, मग एवढे ऊन! आणि हे सगळे पळण्याच्या आधीचे, कारण शर्यतीत ते 2015 नंतर उतरले. सैन्यातल्या क्रॉसकंट्री शर्यतीत पळाले तेव्हा लोकांच्या लक्षात आले. मग अमरीश कुमार नावाच्या प्रशिक्षकांनी त्यांना स्टीपलचेसमध्ये आणले. म्हणजे विशी ओलांडल्यावर ते ही शर्यत शिकले. मला हे वाचून बरे वाटले, कारण मला वाटले होते की आता चौथी झाली म्हणजे उशीर झाला.

या शर्यतीचा भारताचा विक्रम गोपाल सैनी यांचा होता. 1981 साली त्यांनी 8 मिनिटे 30.88 सेकंदांत शर्यत पूर्ण केली होती. तो विक्रम 37 वर्षे कुणाला मोडता आला नाही. माझे बाबाही तेव्हा जन्मले नव्हते. 2018 साली अविनाशदादा भुवनेश्वरला 8 मिनिटे 29.80 सेकंदांत पळाले आणि विक्रम मोडला. एक सेकंद आणि थोडेसे वर, एवढाच फरक. पण तिथून ते थांबलेच नाहीत. स्वतःचाच विक्रम स्वतः मोडत गेले. 2019 मध्ये 8.28.94, मग 8.25.23, मग 8.21.37. 2021 मध्ये 8.20.20 आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये 8.18.12. 2022 मध्ये 8.16.21, 8.12.48, 8.11.20. आणि 7 जुलै 2024 रोजी पॅरिसला 8.09.91. मोजा, दहा होतात. मी वजाबाकी केली. पहिल्या विक्रमापासून दहाव्यापर्यंत 19.89 सेकंद कमी झाले. सहा वर्षांत वीस सेकंद!

यातला 8.25.23 चा किस्सा ऐकण्यासारखा आहे. 2019 साली दोहा येथे जागतिक स्पर्धा होती. पळताना पुढचा परदेशी धावपटू अडखळला आणि अविनाशदादांची वाट अडली. ते मागे पडले, अंतिम फेरीत नंबर लागला नाही. आपल्या लोकांनी तक्रार केली. पंचांनी चित्रफीत पाहिली आणि म्हणाले, खरे आहे, यांना अडथळा झाला, यांना अंतिम फेरीत घ्या. मग तीन दिवसांनी अंतिम फेरीत ते आणखी जोरात पळाले, तेरावे आले आणि टोकियो ऑलिंपिकला पात्र झाले. गंमत म्हणजे, ज्या शर्यतीत वाट अडली त्या शर्यतीतही भारताचा विक्रम मोडलाच होता. न अडता किती झाले असते?

आता सर्वांत भारी शर्यत. गुरुजींनी परिपाठ झाल्यावर ती मोबाईलवर दाखवली. 6 ऑगस्ट 2022, इंग्लंडमधले बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा. या शर्यतीत आफ्रिकेतल्या केनिया देशाचे लोक फार तरबेज. 1998 पासून 2018 पर्यंत सहा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या आणि सहाही वेळा सोने, चांदी, कांस्य तिन्ही केनियालाच. त्या दिवशीही तीन केनियाचे पुढे, आणि आपले अविनाशदादा त्यांच्या पाठीला चिकटलेले. एक केनियाचा मागे पडला, मग दुसरा. शेवटी अब्राहम किबिवोट पुढे आणि आपले दादा मागे. रेषेपाशी तर दोघे एकदमच आल्यासारखे दिसले. आम्ही सगळे ओरडायला लागलो, “पळा! पळा!” जणू त्यांना ऐकू जाणार होते. किबिवोट 8.11.15 आणि दादा 8.11.20. चांदीचे पदक! फरक 0.05 सेकंद.

0.05 सेकंद म्हणजे किती, हे कुणालाच कळेना. गुरुजींनी मोबाईलचे घड्याळ दिले आणि म्हणाले, सुरू करून लगेच बंद करा, बघू कुणाला जमते. सगळ्यांनी केले. सर्वांत कमी 0.11 आले. म्हणजे बोट उचलून परत टेकवायच्या आत ते पदक सोन्याचे चांदीचे झाले. मग आम्ही फळ्यावर गणित केले. 3000 मीटरला 491.2 सेकंद लागले, म्हणजे एका सेकंदात सहा मीटरच्या थोडे वर. तर 0.05 सेकंदात साधारण 30 सेंटिमीटर. 30 सेंटिमीटर म्हणजे आपल्या कंपासमधली नव्हे, ती लांब पट्टी असते ना, तेवढे. 3 किलोमीटर पळून एक पट्टी कमी पडली.

त्यानंतर 1 ऑक्टोबर 2023 रोजी चीनमधल्या हांगझोऊ येथे आशियाई खेळांत त्यांनी 8.19.50 वेळेत सुवर्णपदक मिळवले. त्या वेळी मागे कुणी जवळ नव्हतेच. आशियाई खेळांत या शर्यतीत सुवर्ण मिळवणारे ते पहिले भारतीय पुरुष. त्याच स्पर्धेत 5000 मीटरमध्ये रौप्यपदकही मिळाले. 2022 सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना देण्यात आला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते अंतिम फेरीत गेले. या शर्यतीत अंतिम फेरीत पोहोचलेले ते पहिले भारतीय पुरुष. तिथे अकरावे आले. आमच्या वर्गातला एक जण म्हणाला, “अकरावा म्हणजे काय, नापासच की.” मी म्हणाले, साऱ्या जगात अकरावा म्हणजे नापास का? तू पाचव्या फेरीत बसलास. मग तो काही बोलला नाही.

2025 साली मे महिन्यात दक्षिण कोरियात आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी पुन्हा सोने जिंकले. पण जुलैमध्ये मोनॅकोच्या शर्यतीत ते पडले. गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणून मी वर सांगितले की तो अडथळा पडत नाही, माणूस पडतो.

मुलींनो, ही शर्यत फक्त पुरुषांची नाही. पुरुषांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये शंभर वर्षांपासून आहे. बायकांना मात्र 2008 साली पहिल्यांदा पळू दिले. एवढा उशीर कशाला केला कोण जाणे. आपल्या महाराष्ट्राच्या ललिता बाबर या 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पळाल्या आणि दहाव्या आल्या. त्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या. माण तालुका पण आपल्यासारखाच दुष्काळी.

हे सगळे मी घरी वाचून दाखवले. माझे आईबाबा ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळी निघते. मागच्या साली मला बरोबर नेले होते, धाकट्या भावाला सांभाळायला. फडावर मी चार महिने होते आणि पाढे विसरून आले. यंदा पण न्यायचे चालले आहे. पण डिसेंबरात शाळांच्या शर्यती आहेत आणि गुरुजींनी माझे नाव 400 मीटरला घातले आहे.

आजी म्हणाली, “पोरगी कामून पळायलीय इतकी, कुत्रं मागं लागल्यावानी? घरी ऱ्हाऊ दे तिला, मी हाय की.” बाबा म्हणाले, “आन् बारक्याला कोण बघंल फडावर?” आई कोयत्याला धार लावत होती. तिने विचारले, “सहा किलोमीटर म्हनलीस का? मंग त्याची आई रोज वाटंकडं बघतच बसत असंल.” मी म्हणाले, आई, ती वीटभट्टीवर कामाला असायची. तेव्हा आईने धार लावायचे थांबवले आणि म्हणाली, “परत वाच बरं ते.”

मी पुन्हा वाचले, शाळा 6 किलोमीटर लांब आणि जायला गाडी नाही, इथपासून. बाबा उठून बाहेर गेले, पण ओट्यावरच बसले होते, मला दिसत होते. बारका झोपला होता. आजीकडे त्याला पण ठेवता येते का, असे आई हळूच विचारत होती.

आपली वस्ती ते शाळा अंतर मी पावलांनी मोजले आहे, 2140 पावले. सकाळी मी पळत येते. दप्तर फार हलते, म्हणून ते ओढणीने पाठीला बांधते. वाटेत एक चर लागतो, त्यावरून एका उडीत जाता येते. पावसाळ्यात त्यात पाणी असते. तेव्हा मी पलीकडच्या काठाजवळ पाय टाकते, तिथे ते उथळ असते.