आधी उतरून बघा

सोलापूर हे सायकलीला मानवणारं गाव. पठारावरचं, बऱ्यापैकी सपाट, अंतरंही आवाक्यातली. लक्ष्मी-विष्णूसारख्या गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी सुटली की रस्ते सायकलींनी भरून जायचे. त्या काळात सायकल शिकलेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे. गुडघे कुरकुरतात, समोरून वारा आला की दम लागतो आणि सायकल जिन्याखाली धूळ खात पडते. मग घरातलं कुणीतरी इलेक्ट्रिक सायकलीचं सुचवतं आणि दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: एका चार्जमध्ये किती जाते? सोलापुरात हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही. मंगळवार पेठेतून जुळे सोलापूरला जाऊन परत आलं तरी वीस किलोमीटर भरत नाहीत आणि बाजारातली साधी ई-सायकलही, पायडल मारत राहिलं तर, तेवढं सहज जाते. साठीनंतर खरी निवड चालवण्यावर ठरत नाही. सायकलवर चढता कसं येतं, अचानक थांबावं लागलं तर पाय जमिनीला टेकतो का आणि उतरता कसं येतं, यावर ती ठरते.

याचं कारण जुन्या सवयीत आहे. आपल्याकडे सायकलवर बसायचं म्हणजे टांग मारायची: डावा पाय पायडलवर, उजव्याने जमिनीला दोन-तीन रेटे, सायकल पळू लागली की पाय मागून कॅरियरवरून पलीकडे. हाताला आणि पायाला हे इतकं पाठ झालेलं असतं की माणूस त्याचा विचारही करत नाही. ई-सायकलीवर नेमकी हीच सवय घात करते. स्वस्त ई-सायकलींतला सेन्सर पायडल फिरतंय की नाही एवढंच पाहतो. त्यावर बसलंय कोण, तोल सावरलाय का, हे त्याला कळत नाही. डाव्या पायाचा भार पडून पायडल फिरलं की मोटार जोर लावते, सायकल पुढे उसळते आणि टांग अजून हवेतच असते. सात रस्त्यासारख्या चौकात सिग्नलला एक पाय टेकवून उभं असतानाही, पायडलवरच्या दुसऱ्या पायाचा भार पडला तर हेच होऊ शकतं. म्हणून मधली दांडी अगदी खाली असलेली, जिला आपण लेडीज सायकल म्हणतो, तशा सांगाड्याचीच ई-सायकल घ्यावी. पुरुषांना हे रुचत नाही, पण सत्तरीतल्या खुब्याच्या हाडापुढे ही लाज कवडीमोल आहे. आधी सीटवर बसावं, दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकवावेत, ब्रेक दाबून धरावा आणि मगच पायडल. ब्रेक दाबताच मोटार बंद पाडणारी सोय सायकलीत आहे का, हे दुकानातच तपासावं. पायाचा जोर मोजून त्या प्रमाणात मदत करणारा टॉर्क सेन्सर मिळाला तर उत्तमच, मात्र त्याला पैसे जास्त पडतात.

हा बागुलबुवा नाही. ई-सायकली भरपूर खपणाऱ्या नेदरलँड्समध्ये २०२२ साली रस्त्यावर २९१ सायकलस्वार दगावले आणि त्यांत निम्म्याहून अधिक साठी ओलांडलेले होते. अर्थात तिथले म्हातारे मुळातच खूप सायकल चालवतात, त्यामुळे या आकड्यावरून ई-सायकल वाईट असा निष्कर्ष काढता येत नाही. उतारवयात प्रतिक्रिया मंदावते, मान पटकन मागे वळत नाही आणि पडलं तर हाड मोडतं, एवढं मात्र त्यावरून समजून घ्यावं.

दुसऱ्या बाजूने आक्षेप येतो की मोटारच ओढणार असेल तर व्यायाम कसला? याचं उत्तर इंग्लंडमधल्या रेडिंग आणि ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. ५० ते ८३ वयाच्या लोकांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास, काहींना साधी तर काहींना इलेक्ट्रिक सायकल चालवायला दिली. मेंदूच्या काही कामांत दोन्ही गटांत सुधारणा दिसली आणि मनाच्या प्रसन्नतेत तर ई-सायकलवाले मागे नव्हतेच. मात्र त्यांच्या सायकली पायडल मारल्यावरच मदत करणाऱ्या होत्या. आपल्याकडच्या बऱ्याच मॉडेलांना स्कूटरसारखी पिळायची मूठही असते. ती चौक ओलांडायला, थकल्यावर घर गाठायला ठीक. सदासर्वकाळ तीच पिळायची असेल तर गुडघ्यांना मिळणारा फायदा बुडाला. बसून पायडल मारण्यात शरीराचा बराचसा भार सीटवर जातो, म्हणूनच गुडघेदुखीवर फिजिओथेरपिस्ट एका जागी उभी सायकल सांगतात.

मग सरळ इलेक्ट्रिक स्कूटरच का नको? स्कूटर वजनाने चौपट-पाचपट, कलंडली की सावरत नाही, वेग जास्त आणि पाय आयते. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी, बॅटरी सोडून ६० किलोपर्यंतची सायकल ‘मोटार वाहन’ ठरत नाही. तिला नोंदणी नाही, लायसन्स नाही. वेग वाढवून देतो म्हणणारा दुकानदार भेटला तर त्याला हात जोडावेत, कारण मग ही सवलत राहत नाही. हेल्मेटची सक्ती नसली तरी ते हवंच, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याविना दाराबाहेरही पडू नये. ज्यांना रक्तदाबाच्या गोळीने उठताना चक्कर येते, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

सोलापूरचं ऊन हा आक्षेप मात्र मान्यच करायला हवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो; दुपारी बारा ते चार सायकल घरात आणि माणूसही घरात. हे बॅटरीलाही लागू. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली एवढी उष्णता सहज होते. म्हणून काढून घरात नेता येणारी बॅटरी घ्यावी, बाहेरून आल्यावर ती निवू द्यावी, मग चार्जिंगला लावावी. एका चार्जला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते. रहदारीचा आक्षेपही खरा. पुणे-हैदराबाद आणि विजापूरचे महामार्ग इथे मिळतात, ट्रक असतात, आणि गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या. त्या रस्त्यांवर साठीतल्या सायकलस्वाराने जाऊच नये. दूध, भाजी, देवळापर्यंत पेठांतले आतले रस्ते पुरतात.

राहता राहिली पंक्चर. मोटार बहुधा मागच्या चाकात असते, तिची वायर असते, त्यामुळे चाक काढायला कारागीर कचरतो. टायर एका बाजूने उचलून ट्यूब बाहेर ओढली की चाक न सोडवताही ठिगळ लावता येतं. गल्लीतल्या पंक्चरवाल्याला हे सायकल घेतल्याच्या आठवड्यातच दाखवून ठेवावं.